फणसळीची पंगत

त्या दिवशीही सगळे गोठ्यातच जेवले.

नागूला बेळगावच्या इस्पितळातून परत आणल्यापासून घराला ही चालच पडली होती. सुनेनं, फुलानं, चूल मागल्या गोठ्यात हलवली होती आणि फोडणीचा वास घरात शिरू नये म्हणून दाराला तरट बांधलं होतं. सुक्या बांगड्याचं तर नाव काढायची सोय नव्हती. एकेकानं गुपचूप मागं जायचं, ताट मांडीवर घ्यायचं, म्हशीकडं तोंड करून चार घास गिळायचे, चूळ भरायची आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं आत यायचं. आत नागू भिंतीकडं तोंड करून निजलेला असायचा. त्याच्या अन्ननळीत गाठ झाली होती. पाण्यासारखी पेज चमच्यानं घातली तरी निम्मी उलटून यायची. "मामांना घास उतरंना आणि आपण त्यांच्यासमोर कसं खायचं?" फुला म्हणाली होती. त्यात वाईट काही नव्हतं. केशरलाही ते पटलं होतं.

पण आज भात चिवडता चिवडता केशरला वाटलं, आपण चोरी करतोय. आपल्याच घरात, आपल्याच नवऱ्याची.

काळी नदीच्या काठाला फणसळी नावाचं त्यांचं गाव होतं. सुप्याचं धरण झालं आणि गाव पाण्याखाली गेलं, तेव्हा निम्मं गाव इकडं रामनगरला आलं, बाकीचं वाट फुटेल तिकडं गेलं. त्या फणसळीत लग्न असो, बारसं असो, नाहीतर सातेरीची जत्रा, चुलवाणावर नागू उभा असायचा. शेत स्वतःचं होतं, स्वैंपाक काही त्याचा धंदा नव्हता. पण त्याच्या हाताशिवाय फणसळीचं मोठं जेवण कधी झालं नाही. उघड्या अंगानं, कमरेला पंचा गुंडाळून तो हंड्यात डाव फिरवायचा, आणि काळोख पडता पडता घरी आला की अंगणातूनच विचारायचा, "जेवलीस काय गे?" केशर नवी नवरी होती तेव्हा तिला याची लाज वाटायची. बाकीच्या बायकांचे नवरे असलं काही विचारत नसत. पुढं सवय झाली. इकडं रामनगरला आल्यावरही विचारणं चालूच राहिलं.

बेळगावहून आल्यापासून मात्र नागूनं तिला एकदाही विचारलं नव्हतं. तिला खोटं बोलावं लागू नये म्हणून तो विचारत नाही, हे तिला कळत होतं. ताट तसंच म्हशीपुढं सारून ती उठली.

पडवीत माणसं जमली होती. यशवंत, तिचा एकुलता एक मुलगा, खांबाला टेकून बसला होता. मुलगी सावित्री नंदगडाहून सकाळच्या गाडीनं आली होती. आणि नागूचा धाकटा भाऊ लाडू आला होता, कुंभारवाड्याहून. डोंगरातल्या त्याच्या घरापासून गाडीच्या रस्त्यापर्यंत यायचं म्हणजे निम्मा दिवस जायचा. गाव सोडायच्या वेळी दोघां भावांचं बिनसलं होतं. नागू म्हणाला होता, सरकार जागा देतंय तिथं सगळे मिळून जाऊया. लाडू म्हणाला होता, मी रान सोडून सडकेवर राहायचा न्हाई. तेव्हापासून लग्नकार्याला येणंजाणं होतं, पण रात्रीच्या वस्तीला लाडू या घरात कधी राहिला नव्हता. आज त्यानं वळकटी आणली होती. केशरनं ती आल्याआल्याच बघितली होती.

"उद्याच न्यायचं म्हंतो मी," यशवंत हलक्या आवाजात म्हणाला. "डॉक्टरनी सांगितलंय. पोटाला भोक पाडून नळी घालायची. दूध, पेज थेट पोटात जातंय. अंगात ताकद येतीया."

"आणि मग घरी सोडतील?" सावित्रीनं विचारलं.

"ते आत्ताच कसं सांगतील? ऱ्हावं लागंल थोडे दिवस."

"गाठ जाईल काय त्यानं?"

लाडूनं तंबाखूची चिमूट दाढेत धरली. "गाठ ऱ्हाऊ दे गे," तो म्हणाला. "माणूस तर ऱ्हाईल. यशवंता, तू ने. मी येतो संगं. मी बसतो तिथं."

"काका म्हंतोय तेच मी म्हंतोय," यशवंतला बळ आलं. "हात बांधून बसायचं काय? उद्या लोक म्हंतील, पोरानं बापाला उपाशी मारलं."

"लोकांचं ऱ्हाऊ दे दादा. अप्पांना इचारलंस काय?"

"त्यांना काय इचारायचं? त्यांना ठावं तरी हाय काय झालंय ते? त्यांना सांगितलंय, घशाला सूज हाय म्हणून."

"म्हणजे त्यांना फसवून पोट फाडणार तू?"

"सावित्री! तू चार दिवसांची पाव्हणी. रातंदिस करायलाय ते आम्ही."

फुला तरटामागून आली आणि दारात थांबली. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. ती म्हणाली, "करण्याचं काय न्हाई. पर मामा माझ्या हातनं अंग पुसून घेताना डोळे झाकून घेत्यात. ते मला बघवत न्हाई. तिकडं नर्सबाई तरी परक्या असत्यात." ती नवऱ्याच्या बाजूनं बोलली की नणंदेच्या, तिचं तिलाही कळलं नसावं.

तेवढ्यात आतून आवाज आला. आवाज बारीक झाला होता, पण त्यातला खवचटपणा शाबूत होता.

"लाडू, आत या रे सगळी. भिंतीला कान लावून लावून माझी मान दुखाय लागली."

सगळे वरमले. एकेक करून आत गेले. नागू उशाला वळकटी घेऊन थोडा उठून बसला होता. खांद्याची हाडं सदऱ्यातून वर आली होती, गालफडं बसली होती. दाढीचे पांढरे खुंट वाढले होते. ते बघून केशरला एकदम शरम वाटली. हा माणूस चुलीपुढं उभा राहायच्या आधी न चुकता दाढी करायचा. जेवणात केस पडला म्हणून कुणी बोट दाखवू नये म्हणायचा. आपण याला पेज घातली, औषध घातलं, कूस बदलली. पण दाढी कुणाला सुचली नाही.

"काय झालंय मला?" नागूनं विचारलं.

यशवंत म्हणाला, "सूज हाय अप्पा. उद्या बेळगावला..."

"तुला न्हाई इचारलं. तू लेकरू, तू खोटंच बोलणार." त्यानं केशरकडं बघितलं. "तू सांग."

कुणीतरी केशरचा पदर मागून ओढला. बहुतेक फुलानं. केशरनं तो सोडवून घेतला.

"गाठ हाय," ती म्हणाली. "वाईट गाठ हाय. जायची न्हाई म्हणालेत."

यशवंत दोन्ही हातांनी डोकं धरून खाली बसला. नागूनं मात्र मान हलवली, बाजारात भाव ऐकल्यासारखी. "व्हय. मला वाटलंच," तो म्हणाला. मग जरा थांबून, दम घेऊन, "आणि ही नळी घातली तर मला खाता येईल काय?"

"पोटात पडंल अप्पा. तोंडात न्हाई," सावित्री म्हणाली.

"मग ती कुणाच्या जिवासाठी घालायची?"

"माझ्या," लाडू एकदम म्हणाला. सगळ्यांनी त्याच्याकडं बघितलं. "मला पायजेत आणखी थोडे दिवस. अण्णा, आपलं बोलणं ऱ्हायलंय. सगळंच ऱ्हायलंय."

नागू भावाकडं बघत राहिला. "मग बेळगावला न्यायला बघतोस कशाला?" तो म्हणाला. "हितं बस की. इस्पितळात तुला माझ्याजवळ बसू देतील काय? बाहेर बाकड्यावर बसवतील. हितं बस आणि बोल काय बोलायचं ते."

लाडूनं तंबाखू थुंकायच्या निमित्तानं तोंड फिरवलं.

"आता माझं ऐका," नागू म्हणाला. "ते तरट काढा गोठ्याचं. मला वास येतोयच. कालची आमटी करपली होती ते पन मला ठावं हाय. माझ्या घरात माझी माणसं म्हशीजवळ जाऊन खायलीत, आणि मी हितं पडून ऐकायलोय. ह्याच्यापरीस गाठ बरी. हितं माझ्यासमोर बसा आणि जेवा." त्याला ढास लागली. केशरनं पाठीवर हात फिरवला. ढास थांबल्यावर तो म्हणाला, "आणि एक. फणसळीची जेवढी माणसं हायत तेवढ्यांना मला एकदा जेवायला घालायचंय. कंदमुळांचं खतखतं, भात, गोड मणगणं. जत्रेचं जेवण."

यशवंतनं डोकं वर केलं. "अप्पा, काय बोलायलासा? जित्या माणसाचं बाराव्याचं जेवण घालायचं? लोक तोंडात शेण घालतील माझ्या." तो उठला, कुणाकडंही न बघता चपला घालून निघून गेला.

संध्याकाळी केशरनं स्वतः तरट सोडलं. फुला चूल आत आणायला कचरत होती. केशर म्हणाली, "आण गे, मी हाय." तिनं नवऱ्याच्या अंथरुणाजवळ पाट मांडला, ताटात भात घेतला, त्यावर आमटी ओतली, आणि सगळ्यांच्या देखत पहिला घास घेतला. घास तोंडात फिरत राहिला. खाली उतरेना. नागू तिच्याकडं टक लावून बघत होता.

"कशी झालीया आमटी?"

"बरी झालीया."

"खोटं बोलू नकोस. कोकम जास्त पडलंय. तुझं तोंड बघून कळतंय."

केशरला हसू आलं आणि हसताना घास खाली गेला. मग दुसरा गेला. तिसऱ्या घासाला फुला ताट घेऊन शेजारी बसली, मग सावित्री. नागूची नजर एका ताटावरून दुसऱ्या ताटावर फिरत होती. तो काही खात नव्हता, पण कितीतरी दिवसांनी त्याचं तोंड भिंतीकडं नव्हतं. ताटं उचलताना केशरच्या मनात आलं, की याला आपण जिवंतपणीच घराबाहेर काढलं होतं. अंथरूण तेवढं घरात ठेवलं होतं.

यशवंत लाकडाच्या डेपोत कामाला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी केशर तिथं गेली. सागवानाचे ओंडके थरावर थर रचलेले होते आणि त्यांच्या तोंडावर पांढऱ्या रंगानं आकडे घातलेले होते. यशवंत एका ओंडक्यावर एकटाच बसला होता. आईला बघून तो सरकला. ती शेजारी बसली.

"लोक काय म्हंतील आये?" तो म्हणाला.

"म्हनू देत की. त्यांनाच तर जेवायला बोलवायचंय. तोंडात घास असला म्हणजे काय बोलतील?"

त्याला हसायचं नव्हतं. तो पायाच्या अंगठ्यानं भुसा उकरत राहिला. "मी काय वाईट करायलोय? मी त्यांना जगवायला बघायलोय."

"व्हय रे बाबा. तूच बघायलास. बेळगावला त्यांना उचलून तूच फिरलास, मी काय आंधळी हाय?" तिनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "पर तिथं त्यांना काय म्हणत होते, आठव. खिडकीजवळची कॉट. खिडकीजवळच्या कॉटला पेज द्या, खिडकीजवळच्या कॉटला इंजेक्शन द्या. नर्सबाई चांगल्या होत्या, त्यांचं काय चुकत न्हाई, त्यांना शंभर माणसं. पर हितं ते नागू हायत. आणखी थोडे दिवस का असंना, नागू म्हणून ऱ्हाऊ देत."

पलीकडं ट्रकमध्ये ओंडके चढवणाऱ्यांची 'हैसा, हैसा' चालू होती. तिकडं बघत यशवंत म्हणाला, "आणि दुखाय लागलं तर? ओरडाय लागले तर? तेव्हा काय करायचं आपण घरात बसून?"

केशरनंही रात्ररात्र तोच विचार केला होता. "ते मला जमायचं न्हाई," ती म्हणाली. "ते तू बघ. तेवढं तू कर."

कुणीतरी काहीतरी करायला सांगितलं म्हटल्यावर यशवंत उठला. त्याचा स्वभावच तसा, हाताला काम नसलं की तो भितो. सायकल काढून तो रामनगरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरकडं गेला. दिवेलागणीला परत आला तो न बोलता बापाजवळ बसला आणि म्हणाला, "अप्पा, डॉक्टर म्हणालेत, मी घरी येऊन इंजेक्शन देत जाईन. दुखणं आवरता येतंय म्हणालेत. तोंड ओलं ठेवायचं, कूस बदलायची, पाठीला फोड येऊ द्यायचे न्हाईत. बेळगावच्या डॉक्टरनापन मी फोन लावून इचारलं. ते म्हणाले, घरचे तयार असाल तर हेबी बरोबर हाय."

"आणि जेवण?" नागूनं विचारलं.

"जेवणाचं..." यशवंतनं सुस्कारा टाकला. "मोठा हंडा कुणाकडनं आणायचा ते सांगा."

नागूनं डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनीच तो सांगायला लागला. हंडा कुणाकडचा, जळण कसलं, नारळ किती जुने हवेत.

लाडू कंदमुळं आणायला डोंगरात गेला. खतखत्याला कुंभारवाड्याकडचंच कोनफळ पाहिजे, रामनगरच्या बाजारातलं चालायचं नाही, असं नागूनं बजावलं होतं. लाडू गेला तेव्हा सावित्री आईला म्हणाली, "काका परत येतील काय गे?" केशरनं कोपऱ्यात नजर टाकली. वळकटी त्यानं इथंच ठेवली होती, पण वळकटीचं काय एवढं. शनिवारी उन्हं कलली तेव्हा तो आला. डोक्यावर पोतं होतं. कोनफळ, सुरण, मुडलीचा हाताएवढा कंद. शिवाय तिरफळं फडक्यात बांधून आणली होती. पोतं अंगणात टाकून तो आत गेला आणि भावाच्या हातात कोनफळाचा तुकडा दिला. नागूनं तो नाकाला लावला. मग मातीचा भाग कपाळाला लावला.

रविवारी सकाळी यशवंतनं बापाची दाढी केली. सगळ्यांच्या देखत, पडवीत, आरसा समोर धरून. न्हाव्याला बोलावू, असं बाकीचे म्हणाले होते, पण यशवंत म्हणाला, "मीच करतो." हनुवटीखालची कातडी ताणून धरून तो वस्तरा टेकवायला कचरला तसा नागू म्हणाला, "काप की, भितोस कशाला? रक्त येतंय काय बघूया तरी अजून." मग त्याला धुतलेलं धोतर नेसवलं, अंगावर शाल घातली, आणि शेजारच्यांकडून आणलेल्या हाताच्या खुर्चीत चुलवाणाजवळ बसवलं. खुर्चीत उश्या भरल्या तरी तो एका बाजूला कलत होता. फुलानं जुन्या लुगड्याची घडी त्याच्या कुशीला खोचली. तिनं खोचली तेव्हा त्यानं डोळे मिटले नाहीत.

हंडा रटरटायला लागला. फुला तिरफळं ठेचायला बसली तसा नागू खेकसला, "ठेचू नको गे! नुसती दाब. ठेचली की कडू होतंय." ती दचकली आणि मग हसली. त्याला चव बघायची होती. केशरनं वाटीत रस्सा थंड केला, बोटानं त्याच्या जिभेवर थेंब लावला. त्यानं तो तोंडभर फिरवला, आणि दुसऱ्या वाटीत थुंकून टाकला. "गूळ," तो म्हणाला. "अजून इतका." अंगठा आणि तर्जनी जवळ आणून त्यानं दाखवलं. केशरनं गूळ टाकला. पुन्हा थेंब, पुन्हा वाटी. "आता झालं."

माणसं यायला लागली. कोणी रामनगरचीच, कोणी जोयड्याहून, कोणी अनमोडकडून. अंगणात शिरताना सगळ्यांची पावलं अडखळत होती. आजाऱ्याला काय म्हणायचं हे कुणालाच माहीत नव्हतं. म्हातारी इंदुबाई तर डोळ्याला पदर लावूनच आली. नागूनं तिला बघून हाक मारली, "इंदुबाय, रडतीस कशाला? जत्रेच्या जेवणात दोनदा मणगणं मागून घ्यायचीस, आज किती घेणार ते बोल!" ती रडता रडता "मेल्या" म्हणाली, आणि अंगणातला ताण सैल झाला.

पंगत बसवताना मात्र खरी मजा आली. नागूचा हट्ट होता, सातेरीच्या देवळात जो जिथं बसायचा तो तिथंच बसणार. देवळाचे खांब इथं नव्हते, म्हणून यशवंतनं खुंट्या ठोकल्या होत्या. पहिल्या खांबाशी लखूचा बाप बसायचा. तो जाऊन वर्षं झाली होती, मग लखू बसला. "आमचा बा दुसऱ्या खांबाशी बसायचा," कुणी म्हणालं. "खोटं! तुझा बा चुलवाणाच्या बाजूला बसायचा, पहिलं वाढप मिळायला!" हशा पिकला. कोण कुणाच्या डाव्या हाताला, कोण भिंतीला टेकून, यावरून म्हातारी माणसं पोरांसारखी भांडली. भांडता भांडता देऊळ अंगणात उभं राहिलं. केशर उंबऱ्यात उभी राहून बघत होती. पाण्याखाली गेलेलं सगळं तिला आठवलं. नदीवरचा उतार, दसऱ्याला सारवलेली अंगणं, संध्याकाळी गुरं परतताना उडणारी धूळ. आठवून तिला वाईट वाटेना. आज ते सगळं इतकं जवळ होतं, की वाईट वाटायला जागाच नव्हती.

एकटा लाडू बाजूला उभा होता. गाव सोडताना फणसळीचं शेवटचं जेवण झालं त्याच्या आदल्या दिवशी तो रागानं डोंगर चढून गेला होता. त्याचं पान तेव्हा मांडलं होतं, वाढलंही होतं. शेवटी गाईला घातलं.

"लाडू, तू कुठं बसायचास रे?" नागूनं विचारलं.

"तुला ठावं हाय अण्णा."

"मी इसरलो. तूच सांग."

लाडू हळूहळू चालत गेला आणि तिसऱ्या खुंटीशी मांडी घालून बसला. यशवंतनं त्याच्यापुढं पान टाकलं.

नागूला वाढायचं होतं. खतखत्याचा डाव त्यानं हातात घेतला, पण मनगट वाकलं आणि डाव खाली पडला. नागूचं तोंड उतरलं. केशर पुढं झाली, पण तिच्या आधी यशवंत हलला. त्यानं मिठाची वाटी घेतली आणि बापाच्या हातात दिली.

"अप्पा, मीठ तुमी वाढा. पानात पैलं मीठच पडतंय."

मग त्यानं बापाला खुर्चीतून उचललं. एक हात पाठीखाली, एक कमरेभोवती. नागूचे पाय जमिनीला जेमतेम टेकत होते. दोघं मिळून वाकायचे, नागू चिमटीनं पानाच्या कोपऱ्यात मीठ ठेवायचा, दोघं मिळून उभे राहायचे, आणि पुढच्या पानाशी जायचे. कुणी घाई केली नाही. इंदुबाईच्या पानाशी त्याला दम लागला, तिथं थांबले. लाडूच्या पानाशी नागूनं मीठ ठेवलं आणि तोच हात भावाच्या डोक्यावर ठेवला. पंगत संपेपर्यंत यशवंतचा सदरा घामानं भिजला होता. एकही पान बिनमिठाचं राहिलं नाही.

त्यानंतर नागू पौष संपेपर्यंत होता. सगळे दिवस चांगले गेले असं नाही. दुखणं वाढलं तेव्हा डॉक्टर येऊन सुई देऊन जायचे. एका दुपारी सुईचाही उपयोग झाला नाही, आणि यशवंत "बेळगावला न्यायचं काय अजून?" म्हणत अंगणात येरझाऱ्या घालत राहिला, डॉक्टर दुसरं औषध घेऊन येईपर्यंत. केशरलाही त्या दुपारी आपण चुकलो की काय असं वाटून गेलं. पण चूल घरात होती. अंथरुणातून आवाज यायचा, "फुला, कांदा करपायलाय." लाडू उशाशी बसून असायचा. दोघं भाऊ फणसळी घराघरानं फिरत. कुणाच्या परड्यात काय होतं, कुठली विहीर उन्हाळ्यात आटायची. भांडायचेसुद्धा. सावित्री नंदगडाला जायची आणि चार दिवसांत परत यायची. नागूला पुढं पुढं बोलता येईना, तरी लाडू बोलत राहिला. नागू बोटानं हो-नाही करायचा.

गेला तो सकाळी. फुला भाकऱ्या थापत होती. केशर कपड्यानं त्याचे ओठ ओले करून नुकतीच उठली होती. लाडू त्याला नदीच्या उताराजवळच्या आंब्याचं सांगत होता, की तो आंबा आपल्या आज्यानं लावला की पणज्यानं. "पणज्यानंच असणार," असं म्हणून त्यानं वाक्य पुरं केलं आणि बोट हलायची वाट बघत बसला. मग त्यानं केशरला हाक मारली.

दुपारी सगळं आटोपून माणसं परत आली. चूल पेटवायची नव्हती. शेजारणींनी कडू घासाचा भात आणि पिठलं आणलं, पत्रावळींवर वाढलं. माजघरात बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. कुणी केशरच्या पाठीवर हात ठेवला, कुणी म्हणालं, "दोन घास तरी घे गे बाई, शास्त्र असतंय." सगळ्यांना वाटलं, ही पान दूर सारील.

केशरनं पान जवळ ओढलं. भात कालवला आणि जेवायला लागली. सावकाश, नीट चावून, पोटात भूक असलेल्या माणसासारखी. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. पान अर्धं झाल्यावर ती थांबली.

"भात गिच्च झालाय गे," ती म्हणाली. "कुणी केला?"

ज्या शेजारणीनं केला होता तिनं तोंडावर हात ठेवला. माजघरात कुणाला काय करावं सुचेना. आणि दारात, सकाळपासून कोरड्या डोळ्यांनी धावपळ करणारा यशवंत आधी फस्सकन हसला, आणि मग चौकट धरून खाली बसला आणि लहान पोरासारखा ओक्साबोक्शी रडायला लागला. केशरनं उजव्या हातानं आणखी भात मागितला, आणि डावा हात त्याच्याकडं केला.